पन्नासपर्यंत दोनदा

“शालनआत्या, तुला माझ्या पप्पांनी ढकललं का?”

एवढंच विचारायचंय. सहा शब्द. ते ओठांवर धरून मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत गार शहाबादी फरशीवर उताणी पडलीये. उजवा हात अंगापासून लांब ठेवलाय, कारण तो उष्टा आहे आणि धुवायचा नाही अशी अट आहे.

अट तनयाची. काल शाळेच्या मैदानावर सराव संपल्यावर आम्ही तिघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो होतो, मी, तनया आणि आफरीन. तनया एकदम म्हणाली, “आमची आजी म्हणते, तुझ्या पप्पांनीच बहिणीला विहिरीत ढकललं. म्हणून तर ते विहिरीकडं फिरकत न्हाईत.”

“तुझ्या आजीला बरं दिसतं की सगळं,” मी म्हणाले. “चष्मा लावून बघत होती काय?”

“मग खरं काय ते तू सांग.”

सांगायला मला काही माहीतच नव्हतं. शालन ही पप्पांची मोठी बहीण. अकरा वर्षांची असताना आमच्याच मळ्यातल्या विहिरीत बुडाली. पप्पा तेव्हा आठ वर्षांचे होते आणि विहिरीवर ती दोघंच होती. त्याला चौतीस वर्षं झाली. कपाटात तिचा एक फोटो आहे, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि फोटोवाल्यानं हलू नको म्हटल्यावर श्वास रोखून धरलाय असा चेहरा. बाकी घरात कुणी तिच्याबद्दल एक वाक्य बोलत नाही.

“मग तिलाच विचार की,” तनया म्हणाली. सर्वपित्रीला ज्याच्या नावानं पान ठेवतात त्याच्या पानातला एक घास कावळ्याच्या आधी आपण खायचा आणि हात न धुता झोपायचं, म्हणजे ते माणूस येतं, असं तिचं म्हणणं.

आफरीननं माझा दंड धरला. “नको गं धना. गेलेल्यांसाठी दुवा मागायची असते. उलटतपासणी घ्यायची नसते.”

आठवीतली मी असते तर गप्प बसले असते. तेव्हा हजेरी देतानासुद्धा माझा आवाज निम्म्यात अडकायचा. पण जूनपासून मी खो-खोच्या संघाची कर्णधार आहे, तालुक्याला आम्ही दोन शाळा लोळवल्यात, आणि आता सर म्हणतात, धनश्री, तुझ्या तोंडाचं बटण कुठं आहे. मी उठून स्कर्ट झटकला आणि म्हणाले, “विचारते. सोमवारी उत्तर आणते.”

आज रविवार. सर्वपित्री अमावास्या. दुपारचे अडीच वाजलेत. पाऊस गेलाय आणि आता ते चिकट, पांढरं ऊन पडायला लागलंय ज्यात कुत्रीसुद्धा जागा बदलत नाहीत. सकाळी आई गच्चीवर न्यायला पानं वाढत होती, तेव्हा मी शालनआत्याच्या, सगळ्यांत धाकट्या पानातला वडा मोडून खिरीत बुडवला आणि गिळला. आईची पाठ होती. पोटात तो घास अजून वेगळा कळतोय.

माझ्या पोटावर शौर्यचा पाय आहे. हा माझा भाऊ, तिसरीत आहे, झोपेतसुद्धा कुणाच्या तरी अंगावर पाय टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पलीकडं आई भांडी घासतीये. पप्पा सोप्यात खाटेवर, तोंडावर पेपर.

पप्पा चांगले आहेत. हे आधीच सांगते. द्राक्षबागेत दिवसभर राबून येतात आणि तरी माझी प्रत्येक मॅच बघायला येतात. फक्त त्यांच्या काही गोष्टी विचित्र आहेत. आम्ही लहान असताना न्हाणीघरात बादली अर्धीच भरायची. सहलीला समुद्र असला की आमचं नाव कट. आणि कुठलीही गाठ मारायची तर निरगाठ, तीसुद्धा तीन-तीन. माझ्या दप्तराचा पट्टा त्यांनी बांधला तर आईला कात्री घ्यावी लागते. विहीर बागेच्या मागं दोनशे पावलांवर आहे. तिकडं जायचं नाही, एवढा एकच नियम आमच्या घरात आहे आणि तो मोडल्याचं मला तरी आठवत नाही.

ढकललं असेल का?

पंखा प्रत्येक फेरीला एकदा टक् करतो. मी त्याला मोजते. बारा, तेरा. शौर्यचा पाय जड होतोय. एकवीस, बावीस. आईच्या भांड्यांचा आवाज लांब गेलाय, जणू ती बागेच्या टोकाला बसून घासतीये. एकतीस. आता मी मोजत नाहीये. दुसरं कुणीतरी मोजतंय. बारीक आवाज, भिंतीकडं तोंड करून बोलल्यासारखा.

सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास.

आणि मग परत, एक.

मी डोळे उघडते. निदान उघडले असं वाटतं. खोली तीच आहे. फक्त दाराबाहेर सोपा नाही, शाळेचा व्हरांडा आहे, आणि त्याच्या पायरीवर एक मुलगी बसून वडा खातीये.

“मीठ कमी पडलंय,” ती मागं न बघता म्हणते. “वहिनीला सांग.”

माझ्या आईला ती वहिनी म्हणतीये. हे कळायला मला थोडा वेळ लागतो.

“आणि माझ्या पानातला घास तू खाल्लास,” ती म्हणते. “दिसलं मला.”

“सॉरी,” मी म्हणते.

ती वळते. फोटोतलाच चेहरा. फक्त फोटोत श्वास रोखलेला होता, इथं तो अजून सोडलेला नाही. ती बोलते तेव्हा दोन-तीन शब्दांनंतर थांबते, तोंड जरा वर करते आणि मग पुढचं बोलते. फ्रॉक कोरडा आहे. वेण्या कोरड्या आहेत. पायरी मात्र ओली आहे, आणि ओल हळूहळू माझ्याकडं येतीये.

“केवढी झालीस गं. माझ्यापेक्षा उंच.”

“शालन?”

“आत्या म्हण. नाव घेतीस व्हय? शिकवलं न्हाई का सर्ज्यानं?” सर्ज्या म्हणजे सर्जेराव. माझे पप्पा. त्यांना असं कुणी म्हणताना मी कधीच ऐकलेलं नाही.

“शालनआत्या,” मी म्हणते. एवढीशी मुलगी, माझ्या खांद्याला लागेल न लागेल, आणि मी तिला आत्या म्हणतीये, आणि मला तिची भीती वाटतीये. पहिल्या मॅचच्या वेळी वाटली होती तशी नाही. ती भीती पोटात होती. ही मानेवर आहे.

“चल,” ती म्हणते. “बाग दाव मला. आमच्या वक्ताला इथं जोंधळा असायचा.”

व्हरांडा संपतो तिथंच द्राक्षबाग सुरू होते. आमच्या बागेची छाटणी अजून व्हायचीये, दसऱ्यानंतर पप्पा माणसं लावणार आहेत. पण इथं सगळी बाग छाटून उघडी पडलीये. एक पान नाही. काड्यांच्या कापलेल्या टोकांतून पाणी टपकतंय, ओळीच्या ओळी, हजारो टोकं, आणि सगळीकडून बारीक टप् टप् येतंय. ती पुढं चालते. मी मागं. तिचे पाय चिखलात उमटत नाहीत, माझे उमटतात.

आता विचार, मी मनात म्हणते. विचार आणि पळ.

“आत्या, मला एक विचारायचंय.”

“माहीत हाय.” ती थांबते, तोंड वर करते. “तुझ्या मैत्रिणीची आजी माझ्याच वर्गात होती. तवाबी असंच बोलायची.”

हे कसं शक्य आहे, आजी आणि ती एका वर्गात, असं मला वाटतं. पण स्वप्नात हिशेब लागत नाहीत आणि तोवर बागेच्या ओळी संपून मैदान आलंय. आमचंच खो-खोचं मैदान. दोन खांब, मधली पाटी, आठ चौकोन. आठही चौकोनांत मुलं बसलीत, एक इकडं तोंड, एक तिकडं, जशी आम्ही बसतो. सगळ्यांच्या अंगात पिवळा टी-शर्ट आहे, खांद्यावर उसवलेला. तो शौर्यचा टी-शर्ट आहे. आठही जण शौर्य आहेत. आणि एकही मान वळवत नाही.

“ह्यातला आपला कुठला?” शालनआत्या विचारते. ती पहिल्याच्या मागं जाऊन उभी राहते. हात वर उचलते. मला माहितीये, पाठीवर हात पडला आणि खो म्हटलं की तो उठणार आणि पळणार. कुठं पळणार तेही माहितीये.

“हात लावू नकोस.” माझा आवाज अर्ध्यात अडकतो. आठवीतल्या हजेरीसारखा.

“का? दमलाय म्हणून?”

“त्याला पोहता येत नाही.”

“मला कुठं येत हुतं?” ती म्हणते आणि हात खाली घेते. दुसऱ्याच्या मागं जाते. “विचार की मग. कशाला आलीस?”

आणि मी विचारते. सहाच्या सहा शब्द विचारते, पण ते बाहेर येतात तेव्हा माझ्या आवाजात नसतात, लहान मुलाच्या आवाजात असतात.

ती हसते. खरंच हसते, पोट धरून, जशी आफरीन हसते. हसण्याच्या मधेच तिला श्वास पुरत नाही आणि ती गप्प होते.

“ढकललं? त्यानं? अगं, त्याला शेळी ओढायची न्हाई. मीच त्याला काखेला मारून आणायची विहिरीवर.” ती खाली बसते, मैदानावर, आणि बसता बसता मैदान विहिरीची दगडी पायरी झालेलं असतं. खाली पाणी आहे. काळं, आणि त्यात आभाळ नाही. “पवायला शिकायचं हुतं मला. दादा, म्हंजे तुझे आजोबा, म्हणायचे पोरींनी कशाला. मग तेलाचा रिकामा डबा घेतला, झाकण डांबरानं बुजवलं, आणि पाठीला बांधला. सर्ज्या म्हणला, आक्का, मी बांधतो.”

“पप्पांनी बांधला?”

“लई ऐट हुती त्याला. त्याच आठवड्यात चड्डीची नाडी बांधायला शिकला हुता. दोन कान काढायचे आणि वढायचं. येता-जाता सगळ्यांना बांधून दावायचा.” ती आपल्या पोटावर बोटांनी दोन कान काढून दाखवते. “तशी बांधली.”

सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटणारी. आठ वर्षांच्या मुलाला येणारी एकच गाठ.

मला हे ऐकायचं नाहीये. मी कान झाकायला हात उचलते तर उजव्या हाताला खीर चिकटलेली आहे आणि तो उचलतच नाही.

“मी म्हणलं, तू विहिरीच्या भिंतीकडं तोंड कर आणि शंभर मोज. तवर मी पाण्यात बुडी मारून र्‍हाते. बघू कोण जिंकतं.” श्वास. “त्याला शंभर येत न्हवते. पन्नासपर्यंतच यायचे. म्हणला, आक्का, मी पन्नास दोनदा मोजतो.”

भिंतीकडून तो बारीक आवाज परत यायला लागलाय. एकोणतीस, तीस, एकतीस.

“दोनदा मोजलं त्यानं,” ती म्हणते. “एकबी आकडा न गाळता. शाना हुता. मग वळून बघितलं तर डबाच वर.”

पाण्यावर खरंच डबा आहे. पत्र्याचा, गंजलेला, हळू हळू गोल फिरणारा. त्याला काथ्याचा सुंभ लोंबतोय.

“मग?”

“मग काय. पळाला. कडब्याच्या गंजीत जाऊन बसला, दिवेलागणीपर्यंत. कुणाला सांगितलं न्हाई. अजून न्हाई सांगितलं.” ती माझ्याकडं बघते. पहिल्यांदाच सरळ बघते, आणि तिचे डोळे अकरा वर्षांच्या मुलीचे आहेत, त्यात राग नाही, काही नाही, नुसता कंटाळा आहे. दुपारभर कुणी खेळायला न आलेल्या मुलीचा. “मला इथं कुणी न्हाई गं. लई दिस झाले. म्हणून म्हणलं, ह्याला ठेवून घेते.”

“कुणाला?”

“ह्याला की.”

शौर्य तिच्याशेजारी बसलाय. एकच शौर्य आता, खरा, गालावर फरशीचा वण असलेला. पाय विहिरीत सोडलेत. पाठीला डबा बांधलाय आणि पोटावर सुंभाचे दोन कान, फुलपाखरासारखे.

“हा रोज येतो,” आत्या म्हणते. “तुम्ही झोपलात की येतो. पाय सोडून बसतो, खडे टाकतो. मी मोजते.”

“शौर्य, इकडं ये.”

“ताई, मला हजारपर्यंत येतात,” शौर्य म्हणतो. माझ्याकडं न बघता, पाण्याकडं बघत. “मी हिच्यापेक्षा जास्त मोजीन.”

“शौर्य, मी सांगतीये इकडं ये.”

“येऊ दे की गं त्याला,” ती म्हणते. गयावया केल्यासारखं. मला तिची दया येते आणि भीतीही तेवढीच वाटते, आणि दोन्ही एकदम वाटतात म्हणून मला हलता येत नाही. “थोडाच वेळ. शंभर झाले की सोडते.”

“तू सोडणार नाहीस.”

ती विचार करते. खरंच विचार करते, मान तिरकी करून.

“न्हाई,” ती म्हणते. “बहुतेक न्हाई.”

आणि ती शौर्यच्या पोटावरचा एक कान ओढते.

मी सुंभ पकडते. उजव्या हातानं, खिरीच्या, उष्ट्या हातानं, कसा उचलला माहीत नाही. शौर्य पायरीवरून घसरतो आणि सगळं वजन माझ्या तळव्यात येतं. सुंभ सरकतोय. तळहात जळतोय. खालून ती ओढत नाहीये, ती नुसती धरून बसलीये आणि मोजतीये, अठ्ठावीस, एकोणतीस, आणि तिच्या आवाजाच्या मागं दुसरा एक आवाज मोजतोय, जाड, मोठ्या माणसाचा, तो पप्पांचा आहे. दोघं एकत्र मोजतायत. एकोणपन्नास. मला माहितीये की पन्नास झाले की सुंभ तुटणार.

“आत्या, सोड त्याला,” मी म्हणते, आणि ह्या वेळी आवाज कुठंही अडकत नाही.

पंखा टक् करतो.

मी फरशीवर आहे. तोंड कोरडं पडलंय. उन्हाची पट्टी फरशीवरून भिंतीवर चढलीये, म्हणजे चार वाजत आले असतील. आईची भांडी घासून झालीत. सगळं घर शांत आहे.

माझ्या पोटावर पाय नाही. शेजारच्या फरशीवर शौर्यच्या घामाचा ओलसर आकार आहे, डोक्याचा आणि खांद्याचा, आणि तो सुकत चाललाय.

मी अनवाणी पळते. सोप्यातून पळताना पप्पांच्या खाटेला माझा पाय लागतो, पेपर खाली पडतो, ते म्हणतात, “काय गं, काय झालं?” आणि मी फक्त “शौर्य” एवढंच म्हणते. बाकी त्यांना कळतं. माझ्या मागं त्यांचे पाय ऐकू येतात. बाग हिरवी आहे, पानांनी भरलेली, फांद्या तोंडावर आपटतात. मी खो-खोत धावते त्यापेक्षा जोरात धावते आणि तरी ओळ संपत नाही.

संपते. विहीर दिसते. काठावर पिवळा टी-शर्ट, पाय खाली सोडलेले, शेजारी खड्यांचा ढीग.

मी हाक मारत नाही. दचकला तर? मागून जाते आणि त्याच्या काखांत हात घालून उचलते, उचलूनच मागं चिखलात बसते, आणि तो माझ्या मांडीवर लाथा झाडतो.

“सोड की ताई. नुसता बसलो होतो.”

“रोज येतोस?”

तो लाथा झाडायचा थांबतो. मग म्हणतो, “पप्पांना सांगू नको.”

पप्पा बागेच्या शेवटच्या ओळीत उभे आहेत. तिथंच. वीस पावलांवर. एका हातानं तार धरलीये आणि पुढं यायला पाय उचलतात, परत ठेवतात. त्यांचे ओठ हलतायत. आवाज नाही, पण मला ओठांवरून कळतं. आकडे आहेत.

मी शौर्यला काखेला मारून त्यांच्यापर्यंत नेते. ते त्याला मारत नाहीत, ओरडत नाहीत. नुसते त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, मग खांद्यावर, मग पोटावर, काहीतरी शोधल्यासारखे.

आता आम्ही चौघं सोप्यात आहोत. शौर्य भिंतीला टेकून रडून रडून उचक्या देतोय. आई माझा उजवा हात उजेडात धरून बसलीये, कारण तळहातावर मधोमध लाल पट्टा उठलाय आणि त्यात काहीतरी रुतलंय.

“कुठं घासलंस हे? आणि हात का धुतला नाहीस, चिकट झालाय नुसता,” आई म्हणते आणि गळ्यातल्या पोतीची सेफ्टी पिन काढते. “हलू नको.”

पिन आत जाते. मी दात आवळते. आई चिमटीत धरून ते बाहेर काढते आणि आपल्या बोटावर ठेवून बघते. बोटभर लांब, तांबूस, राठ धागा. काथ्याचा.

“हा कुठला गं? आपल्याकडं तर सगळी नायलॉनची दोरी आहे.”

पप्पा खाटेवरून वाकून बघतात. धाग्याकडं बघतात, मग माझ्या तळहातावरच्या पट्ट्याकडं. त्यांचा चेहरा असा होतो की मी मान खाली घालते.

मला विचारायला भीती वाटतीये. स्वप्नात वाटली त्यापेक्षा जास्त. उत्तर चुकीचं आलं तर सोमवारी शाळेत काय सांगायचं हा प्रश्न आता उरलेला नाही. उत्तर चुकीचं आलं तर उद्या सकाळी ह्या माणसाच्या हातचा चहा मी कशी पिणार, हा आहे.

“पप्पा,” मी म्हणते. “तुम्हाला तेव्हा कितीपर्यंत मोजता यायचं?”

आई म्हणते, “हे काय मधेच?” बाहेर गच्चीवर कावळे पानांवरून भांडतायत, एवढाच आवाज. मला वाटतं पप्पा उठून जातील. ते पायात चपला घालतात. परत काढतात.

“पन्नास,” ते म्हणतात.

मग शौर्यच्या उचक्या थांबल्यावर, “मग परत एकपासून मोजलं.”

आई त्यांच्याकडं बघते. चौदा वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी तिला अशी बघताना बघितलेलं नाही. “काय मोजलं?” ती विचारते, आणि ते सांगतात. फरशीकडं बघत सांगतात. डबा, सुंभ, नाडीची गाठ, भिंतीकडं तोंड, कडब्याची गंज. मधे दोनदा थांबतात. दादा म्हणजे त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा ते रडले नव्हते, असं आई सांगते. आता ते रडत नाहीत, पण नाक पुसतात, हाताच्या उलट्या बाजूनं, लहान मुलासारखं.

“एवढं एकटंच घेऊन बसलात,” आई म्हणते. “मला तरी सांगायचं.”

“काय सांगायचं? गाठ मी बांधली.”

“आठ वर्षांचे होतात.”

“तिला गाठ नको होती,” मी म्हणते. “तिला पोहायला शिकवणारं माणूस पाहिजे होतं. ते कुणी दिलं नाही तिला.”

पप्पा माझ्याकडं बघतात. हे मला कुणी सांगितलं, असं ते विचारत नाहीत. मी सांगितलंही नसतं.

तळहात ठणकतोय. पण मी उठून उभी राहते, मैदानावर टॉस जिंकल्यावर उभी राहते तशी.

“आफरीनचे चाचा गावतळ्यावर पोरांना पोहायला शिकवतात,” मी म्हणते. “उद्यापासून शौर्य आणि मी जाणार. सकाळी साडेसहाला. आणि शिकून झालं की आपल्या विहिरीत पोहणार. मला खूप भीती वाटतीये, तरी जाणार. मी विचारत नाहीये, पप्पा. सांगतीये.”